अवऱ्यांच्या दिवसांत हुंगलेले हात

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडामागे पोत्यांवर शेंगांचे हिरवे ढीग लागलेत. म्हणजे अवरे आले. पुण्याकडे यांना पावटा म्हणतात. आमचं घराणं इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की आम्ही अवरेच म्हणतो. या शेंगेच्या सालीला एक चिकट, तेलकट वास असतो. कन्नडमध्ये त्याला सोगडु म्हणतात. दव चांगलं पडलं की सोगडु चढतो, आभाळ आलं की उतरतो. घेणारी बाई आधी भाव विचारत नाही. शेंग उचलते, नखाने खरवडते, नाकाशी नेते. वास नसेल तर ढीग कितीही हिरवागार असो, पुढे चालू लागते. आणि एकदा सोलायला बसलं की तो वास बोटांना धरतो, साबणाला दाद देत नाही. जेवताना, वेणी घालताना, बसचा दांडा धरताना आपल्याच हाताचा वास आपल्याला येत राहतो, आणि बरं वाटतं.

शेंगा हुंगाव्यात. माणसांचे हात हुंगू नयेत. एवढी साधी गोष्ट लिहून काढावी लागते याचाच मला संताप येतो. पण लिहावी लागतेय, कारण गेल्या आठवड्यात नागरत्नाक्कांचा फोन आला.

नागरत्नाक्का शहराबाहेरच्या आनेकलच्या. शिक्षण संपल्यावर मी बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात पहिली नोकरी केली, तिथे त्या टेस्टिंगच्या टेबलावर होत्या. मी तो कारखाना सोडून तीन वर्षं झाली, त्या अजून तिथेच आहेत. फोनवर त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. त्या कन्नडमध्ये बोलतात, मी इथे मराठीत उतरवते आहे.

"नोडम्मा, हे बघ, लाईन लीडरची जागा निघालीय. सोमवारी मला बोलावलंय. नव्या साहेबांनी फाईल उघडली आणि विचारलं, ते हाताचं काय होतं?"

"ते अजून फाईलमध्ये आहे?"

"कागद कुठे जातो? माणूस जातो."

फाईलमध्ये एक शेरा आहे. हातांच्या अस्वच्छतेमुळे उत्पादनाचं नुकसान, सबब लेखी समज दिली. हा शेरा खोटा आहे. तो खोटा आहे हे कारखान्याला माहीत आहे. आणि ज्या चुकीमुळे तो लिहिला गेला, ती चूक माझी होती.

*

तो हिवाळा मला आधी थंडीतून आठवतो. होसूर रोडवर धुकं इतकं खाली यायचं की पुढच्या बसचे फक्त लाल दिवे दिसायचे. कारखान्याचा टेस्टिंगचा हॉल पत्र्याच्या छपराचा. सकाळी सहाला पहिली शिफ्ट यायची तेव्हा बायका ॲप्रनच्या आत स्वेटर घालून बसायच्या, बोटं काखेत धरून गरम करायच्या. अकरा वाजले की स्वेटर निघायचे. दुपारी दोनला दुसरी शिफ्ट आत यायची तेव्हा पत्रा वरून भाजत असायचा, आणि पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलत असायचे. बेंगळुरूची हवा छान, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. त्यांनी ती हवा पत्र्याखाली घेतलेली नसते.

तिथे बनणारी कार्डं मोठमोठ्या संगणक-केंद्रांतल्या यंत्रांत बसतात. एक हिरवी पाटी, तिच्यावर केसासारख्या तांब्याच्या रेघा, आणि त्या रेघांवरून सेकंदाला अब्जावधी वेळा धावणारे शून्य आणि एक. शाळेत वाटतं, तार म्हणजे नळ. इकडून घातलं ते तिकडून निघतं. तसं नसतं. शिवाजीनगरच्या स्टँडवर कंडक्टर "मार्केट, मार्केट, मार्केट" ओरडतो, ते रस्त्यापलीकडे उभं राहून ऐकावं. शब्दाची धार गर्दीने खाल्लेली असते. उरतो एक गुबगुबीत गलका, आणि एका हाकेचं शेपूट पुढच्या हाकेवर पडलेलं. त्या वेगाला तांब्याच्या रेघेवर हेच होतं. बिटांची, म्हणजे त्या शून्य-एकांची, धार बोथट होते, प्रत्येकाचं शेपूट पुढच्याच्या अंगावर ओढलं जातं, आणि दुसऱ्या टोकाला गढूळ काहीतरी पोचतं.

ते गढूळ निवळवण्याच्या विद्येला इक्वलायझेशन म्हणतात. वाटेत जे विरणार आहे ते पाठवतानाच जोर देऊन पाठवायचं. पोचल्यावर जे दबलंय ते उचलायचं. मागच्या बिटाचं शेपूट किती लांब पडतं ते ओळखून पुढच्यातून वजा करायचं. किती उचलायचं आणि किती वजा करायचं, हे आकडे प्रत्येक रेघेचे वेगळे, आणि त्याच रेघेचे थंडीत वेगळे, उन्हात वेगळे. चिप हे आकडे स्वतः शोधते. लावून बघते, बदलते, पुन्हा लावून बघते. तिला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच.

आकडे जमले की पडद्यावर डोळा उघडतो. अक्षरशः डोळा. हजारो बिट एकावर एक काढले की मध्ये बदामाच्या आकाराची एक स्वच्छ फट उरते. फट मोठी असेल तर एक कोणता आणि शून्य कोणता हे कळतं. मिटली की यंत्र आंधळं. टेबलावरच्या बायका त्याला सरळ कण्णु, डोळाच, म्हणायच्या. "ह्याचा कण्णु बघ कसा टपोरा आहे." "हा मिटला गं, टाक लाल ट्रेत." जे शिकायला मी चार वर्षं कॉलेजात घालवली, ते नागरत्नाक्का नुसत्या नजरेने ओळखायच्या. आई तव्यावरचा डोसा उलटायची वेळ आवाजावरून ओळखते, तसं.

आणि मग मी हुशारी केली.

वरून हुकूम होता, एका कार्डामागे लागणारा वेळ कमी करा. मी टेस्टचा प्रोग्राम लिहायचे. मी बघितलं की सगळ्यात जास्त वेळ चिपला आपले आकडे शोधायला लागतो. म्हटलं, रोज सकाळी उत्तम म्हणून राखून ठेवलेल्या एका कार्डावर आकडे शोधून घेऊ, आणि दिवसभर सगळ्या कार्डांना तेच गोठवून लावू. प्रत्येकाला वेगळं शोधायला कशाला लावायचं? वेळ निम्म्याखाली आला. क्वालिटीचे मॅनेजर नितीन सर, पुण्याचे, माझ्याशी हौसेने मराठीत बोलायचे. म्हणाले, "सुपर्ब! अगं, हे आपण सगळ्या साइट्सना दाखवू या." मला मिटिंगमध्ये उभं केलं, टाळ्या वाजल्या. डिसेंबर होता. बाजारात अवरे नुकते उतरत होते.

*

पंधरा दिवसांत कार्डं फेल व्हायला लागली. सकाळी नाही, दुपारी. पहिल्या शिफ्टची पाटी कोरी, दुसऱ्या शिफ्टच्या नावावर लाल शाई.

एक गोष्ट तेव्हाच कुणाच्याही लक्षात यायला हवी होती. दुपारी बारानंतर फेल होणारी कार्डं पहिली शिफ्ट लाल ट्रेत ठेवून जायची, कारण पुन्हा तपासणी हे दुसऱ्या शिफ्टचं काम, असा तिथला जुना रिवाज. म्हणजे आजार सुरू होत होता एकीच्या हातात आणि लिहिला जात होता दुसरीच्या नावावर. हा रिवाज मला माहीत होता, सरांनाही होता. पण दोघांनीही फक्त पडद्यावरचा तक्ता बघितला.

कँटीनमध्ये सर उपमा खात होते. त्यात अवरे होते, आणि ते वेचून वेचून खात होते. "डेटा बघ ना," ते म्हणाले. "फर्स्ट शिफ्ट क्लीन, सेकंड शिफ्ट फेल. मशीन तेच, कार्ड तेच. मग बदललं काय? माणसं!"

"पण सर, माणसं तर गेल्या महिन्यातही हीच होती."

"तेच सांगतोय. सीझन बदललाय. या सगळ्या आनेकल साइडच्या. सकाळभर घरी शेंगा सोलतात आणि तेच हात घेऊन येतात. काल मी टेबलाजवळ गेलो तर काय वास येत होता! ते ऑइल आहे. कार्डाच्या सोनेरी दातांवर लागलं की कॉन्टॅक्ट खराब. सिम्पल."

मला पटलं. हे मला लपवायचं नाही. त्या बायका बोटांना रबरी टोप्या घालून काम करायच्या हे मला माहीत होतं, तरी पटलं. पहिल्या शिफ्टच्या बायका पहाटे घर सोडतात म्हणून त्यांना सोलायला वेळ नसतो, दुसरीच्यांना असतो, आणि अवरे आले तेव्हाच फेल सुरू झालं. इतकं चपखल बसत होतं! आज कळतं, चपखल बसत होतं कारण त्या उत्तरात आमच्यापैकी कुणाचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काचेच्या कुलूपबंद फलकात कन्नडमध्ये नोटीस लागली. अवरे सोलून येणाऱ्यांनी तीनदा साबणाने हात धुवावेत व गेटवर दाखवावेत. दाखवून काय कळणार? तेल दिसत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, वास तर येतो. गेटवरच्या मुनियप्पांना सांगितलं गेलं की दुसऱ्या शिफ्टचे हात हुंगून आत सोडायचे.

ते दृश्य मला अजून विसरता येत नाही. दुपारी पावणेदोनचं ऊन. बसमधून उतरलेल्या वीस-बावीस बायका रांगेत, हात पुढे केलेले. डबे काखोटीला. मुनियप्पा म्हणजे सत्तरीला टेकलेला माणूस. त्याला कुणाच्याच डोळ्यांत बघवत नव्हतं. तो वाकायचा, नाक लांबच ठेवायचा आणि "हं, जा, जा" म्हणायचा. पहिल्या दिवशी बायकांनी हसण्यावारी नेलं.

"अज्जा, नीट हुंग की. सारात मीठ कमी पडलंय का सांग."

"माझ्या नवऱ्याने लग्नात एवढा हात धरला नव्हता गं!"

"अज्जा, उद्या पाय पण आणू का?"

तिसऱ्या दिवसापासून कुणी हसेना. एका बाईने हातांना रॉकेल चोळलं. दुसरीने लिंबू आणि राख लावून बोटांची सालं काढली. नागरत्नाक्का यातलं काहीच करत नसत. हात पुढे धरून सरळ समोर बघत उभ्या राहत. मुनियप्पाला बिचाऱ्याला खोटं बोलता येईना. त्याने त्यांचं नाव लिहून दिलं. त्यांना टेबलावरून उठवून खोके बांधायला पाठवलं, आणि फाईलमध्ये तो शेरा पडला.

त्या रविवारी मी घरी आईबरोबर टोपलीभर अवरे सोलले. आधी शेंगा, मग दाणे भिजवून, चिमटीत दाबून त्यांची सालं. पचकन दाणा निसटतो, भिंतीवर जाऊन आदळतो, आई म्हणते, "स्वल्प हळू, भिंतीला नाही जेवायचं." सोमवारी माझ्या हातांना इतका वास होता की की-बोर्डलाही लागला असेल. मी इंजिनिअरांच्या दारातून ओळखपत्र दाखवून आत गेले. दार आपोआप उघडलं. दाराला नाक नव्हतं.

दुपारी मी गेटवर गेले आणि रांगेशेजारी उभं राहून हात पुढे केले. "अज्जा, माझेही हुंगा."

मुनियप्पा दचकले. "नीवु बेडा, मॅडम. तुमचं नको."

"का नको? मी पण सोललेत."

"यादीत तुमचं नाव नाही."

मागे रांगेत कुणीतरी म्हणालं, "मॅडमचे अवरे शहरातले. त्यांना तेल नसतं." यावर मात्र सगळ्या हसल्या. मला तेव्हा ते लागलं. लागायलाच हवं होतं. मी तिथे शौर्य करायला गेले होते आणि पाच मिनिटांत एसीत परतणार होते.

*

इक्वलायझेशनमध्ये मागच्या बिटाचं शेपूट पुढच्यातून वजा करणारा जो भाग असतो, त्याची एक खोड आहे. वजा काय करायचं ते तो स्वतःच्याच मागच्या निकालावरून ठरवतो. मागचा बिट एक होता असं ठरवलं, तर एकाचं शेपूट वजा करतो. तो निकालच चुकला असेल, तर जे शेपूट नव्हतंच ते वजा होतं, म्हणून पुढचा निकाल चुकतो, त्यावरून त्याच्या पुढचा. एक चूक रांगेने चुका जन्माला घालत जाते, आणि आतून बघणाऱ्याला प्रत्येक पायरी बरोबरच वाटते. वर्गात हे शिकताना मी वहीत त्याची सुबक आकृती काढली होती, त्याला गुणही मिळाले होते.

मला राग येतो तो याचा. यंत्राच्या या खोडीवर जगभर हुशार माणसं डोकं लावतात. तिला आवर कसा घालायचा यावर आम्ही इंजिनिअर तासन् तास वाद घालतो. पण एका बाईच्या हाताबद्दल एकदा निकाल लागला, की पुढचे सगळे निकाल त्यातून वजा होऊन येतात, आणि तिथे कुणाला काही आवरावंसं वाटत नाही. ती गप्प उभी राहिली तर मगरूर. बोलली तर उलट उत्तरं. खोके नीट बांधले तर, बघा, हेच काम हिच्या योग्यतेचं. तांब्याच्या रेघेला आम्ही स्वतःचे आकडे शोधायला वेळ देतो. माणसाला एका दिवसाचं गोठवलेलं माप आयुष्यभर लावतो.

*

चूक शोधली नागरत्नाक्कांनी. मी नाही, सरांनीही नाही.

खोके बांधायला पाठवलं तेव्हा जाता जाता त्यांनी लाल ट्रेतल्या सहा फेल कार्डांचे नंबर मनगटावर पेनाने लिहून घेतले. संध्याकाळी पहिल्या शिफ्टच्या एका ओळखीच्या बाईला फोनवर गाठून सांगितलं की उद्या सकाळी आल्या आल्या एवढी सहा लावून बघ. सहाच्या सहा पास. मग त्यांनी उलट केलं. सकाळी पास झालेली सहा दुपारी एकला लावायला सांगितली. चार फेल. त्यांतल्या एकालाही त्यांचा हात लागलेला नव्हता. एवढं झाल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि मनगट पुढे केलं.

"मॅडम, हात नका बघू. घड्याळ बघा."

मी काय केलं? मी हसले. वाईट हसले नाही, समजूतदार हसले, ते जास्त वाईट. म्हटलं, "सरी अक्का, बरं, बघते." आणि दोन दिवस बघितलं नाही. माझ्या आणि त्यांच्या बोलण्यामध्ये कुठेतरी धार बोथट होत होती. त्या स्पष्ट बोलत होत्या. वाटेत जे विरत होतं ते त्यांच्या बाजूला विरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, पत्रा चांगला तापल्यावर, मी एका फेल कार्डाला माझे गोठवलेले आकडे काढून घेतले आणि चिपला तिचे तिला शोधू दिले. डोळा सावकाश उघडला. टपोरा. दुसरं कार्ड लावलं. तेही. पाचव्या कार्डानंतर मी लावणं थांबवलं. सकाळच्या गारव्यात शोधलेले आकडे दुपारच्या उन्हात खोटे पडत होते. तांबं तापलं की धार जास्त खातं, चिपही तापली की मंदावते, आणि मी मात्र सगळ्यांना सकाळी सहाचं सत्य दिवसभर पाळायला लावलं होतं.

मी सरांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. तेवढं मी त्यांच्या बाजूने लिहीन. मग म्हणाले, "ओके. फिक्स कर. मी मेल टाकतो."

मेल आली. इंग्रजीत, अकरा इंजिनिअरांना. टेस्टमधली एक सेटिंग तापमानातल्या बदलाला अनुकूल नसल्याचं आढळलं, ती दुरुस्त करण्यात आली आहे, सर्वांचे आभार. दुसऱ्या दिवशी फलकातली नोटीस नाहीशी झाली. मुनियप्पांना कुणी काही सांगितलं नाही. बायकाच हात पदराखाली घेऊन आत गेल्या आणि त्यांनी त्यांना जाऊ दिलं. पुढच्या आठवड्यात नागरत्नाक्का टेबलावर परतल्या. झालं. आरोप कन्नडमध्ये, काचेमागे, बावीस जणींसमोर. सुटका इंग्रजीत, अशा पत्त्यांवर की ज्यांच्यावर आरोपच नव्हता.

मी ती मेल घरी अण्णांना वाचून दाखवली. माझे वडील आयुष्यभर शिवाजीनगरच्या एका छापखान्यात पत्रकं जुळवत होते. संपाची, सभेची, पाण्याच्या मोर्चाची. मी अक्षर ओळखायला शिकले ती त्यांच्या फुकट गेलेल्या पत्रकांवर, त्यामुळे गुळगुळीत कागद मला अजून संशयास्पद वाटतो. अण्णांनी मेल दोनदा ऐकली.

"सेटिंग लावली कुणी?"

"मी."

"भोगलं कुणी?"

"नागरत्नाक्कांनी."

"मग या कागदात दोघीही कुठे आहेत?"

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. म्हटलं, शेरा काढा. ते म्हणाले, "अगं, इश्यू क्लोज झालाय ना? ती टेबलावर परत आलीये. फाईल एचआरचा विषय. लेट इट गो." एचआरमध्ये गेले. तिथली मुलगी माझ्याच वयाची, हसतमुख. म्हणाली, फाईलमधला कागद काढता येत नाही, नियम आहे. फार तर त्यावर दुसरा कागद लावता येतो, कुणी लेखी दिलं तर. मी म्हटलं, देते. आणि दिलं नाही. आधी काम होतं. मग दुसरीकडची नोकरी आली, जास्त चांगली, जास्त वेगवान रेघांची. मी निरोपाचा केक कापला. नागरत्नाक्कांनी घरून डबा आणला होता, अवऱ्याचं सार आणि रागीमुद्दे, नाचणीचे उकडलेले गोळे. मी खाल्लं, बोटं चाटली, आणि तो कागद द्यायचा राहिलाय हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

माझं सगळं तत्त्वज्ञान तेव्हाही शाबूत होतं. व्यवस्था, वर्ग, भाषा, सत्ता. मी घरी जेवताना यावर भाषणं ठोकत असे. आणि एक कागद, ज्याला पाच मिनिटं लागली असती, तो तीन वर्षं माझ्या हातून लिहिला गेला नाही. नितीन सरांवर चिडणं सोपं आहे. त्यांना सत्य लेखी देणारं कुणी नव्हतं. ते काम माझं होतं.

*

आणि आता बाजारात पुन्हा ढीग लागलेत, आई पुन्हा पातेल्यात दाणे भिजवून बसलीय, आणि सोमवारी एक नवा साहेब जुन्या कागदावरून नागरत्नाक्कांना परत विचारणार आहे, ते हाताचं काय होतं. पंधरा वर्षं त्या याच टेबलावर आहेत. ज्यांना त्यांनी कार्ड धरायला शिकवलं, त्यांतल्या दोघी आज लाईन लीडर आहेत. वय बघता ही संधी त्यांना पुन्हा येणार नाही. फोनवर त्या हे काही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू लिहून दिलंस तर लावतील म्हणे."

मी रविवारी बसले. कन्नडमध्ये लिहिलं, कारण तो शेरा कन्नडमध्ये आहे. माझं लिखित कन्नड अडखळतं, तरी त्यातच लिहिलं. टेस्टचा प्रोग्राम मी लिहिला होता. सकाळचे आकडे दिवसभर गोठवायची कल्पना माझी होती. दुपारी हॉल तापल्यावर ते आकडे चुकीचे ठरले, म्हणून कार्डं फेल झाली. ही चूक नागरत्ना यांनी स्वतः प्रयोग करून शोधली आणि मला सांगितली. मी दोन दिवस ऐकलं नाही. त्यांचे हात स्वच्छ होते. त्यांच्यावरचा शेरा खोटा आहे. खाली मी इंग्रजी आद्याक्षरांची सही केली, बँकेत करते तशी.

अण्णांनी चष्मा लावून कागद बघितला. "हे काय? पत्रकाला बाप लागतो. पूर्ण नाव लिही, सुवाच्य." मी लिहिलं.

मग नागरत्नाक्कांना फोन करून सगळं वाचून दाखवलं. पलीकडे भांडी आपटत होती, कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं. प्रयोगाचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "एक ओळ काढ. हात स्वच्छ होते, ती."

"का अक्का? तीच तर मुख्य."

"त्या दिवशी मी पोतंभर अवरे सोलून आले होते. बोटांना वास होता, पदराला होता. आत्ताही आहे, फोनला लागलाय." त्या पुढे म्हणाल्या, "तू वास नव्हता म्हणून मला सोडवशील. उद्या जिच्या हाताला असेल, तिला ते पुन्हा रांगेत उभी करतील. मग तिने काय करायचं? रॉकेल चोळायचं?"

आई दाणे दाबत होती. तिचे हात मनगटापर्यंत हिरवे होते.

"सांगा अक्का. तुम्ही सांगाल ते लिहिते."

त्यांनी सांगितलं आणि मी ती ओळ खोडून तिच्या जागी दुसरी लिहिली. नागरत्ना यांच्या हातांना अवऱ्यांचा वास होता. कार्डं त्याने बिघडली नाहीत.